खवणेकरांचा टेकू

इंजिन बंद केल्यावर दत्ताराम खवणेकर लगेच तेल बघत नसत. ते यंत्रापासून लांब, फाटकाजवळच्या दगडावर जाऊन बसत आणि एक विडी ओढत. विडी संपली की थोटूक पाण्याच्या डब्यात बुडवत, हात खाकी पँटीला पुसत आणि मग सावकाश यंत्राकडे चालू लागत. नवीन माणसाला वाटे, हा कामचुकार आहे. पहिले काही दिवस मलाही तसंच वाटलं. मी हजेरी कारकून होतो, कोण किती वेळ बसतो हे पाहणं माझं कामच होतं. शेवटी एकदा मी विचारलं, तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं की इंजिन चालू असताना तेल वरपर्यंत उडालेलं असतं, ते परत खाली उतरायला वेळ लागतो, आणि तो वेळ त्यांच्या हिशेबाने एका विडीचा आहे. विडी यंत्राजवळ ओढायची नाही, म्हणून फाटकापर्यंत यायचं. यात विश्रांतीचा काही संबंध नव्हता.

वडाळ्याला रेल्वे यार्डाला लागून आमचा कोळशाचा डेपो होता. वाघिणींतून उतरलेला कोळसा ढिगाऱ्यांत पडे आणि तिथून लॉऱ्यांत भरला जाई. पूर्वी हे भरण्याचं काम डोक्यावर पाट्या वाहणाऱ्या बायका करत. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने जोर धरला त्याच्या दोनेक वर्षं आधी मालकांनी विलायतेहून एक लहानसा लोडर आणला. लहानसा म्हणजे ट्रॅक्टरएवढा, पुढे दोन लोखंडी बाहू आणि त्यांच्या टोकाला कोळसा उचलायची बादली. तो चालवायला बबन राणे नावाचा ड्रायव्हर ठेवला आणि त्याची निगा राखायला खवणेकर आले. बबन तिशीचा, उंच, हसरा. खवणेकर पंचेचाळिशी ओलांडलेले, बुटके, रुंद खांद्यांचे. जबड्यापासून कॉलरपर्यंत त्यांची कातडी पांढरट आणि गुळगुळीत होती. दोघेही मालवणकडचे. मी गिरगावातला, खोताच्या वाडीच्या पलीकडच्या गल्लीत राहणारा, पांढरे कपडे घालून कोळशाच्या डेपोत येणारा, वैद्य आडनावाचा कारकून.

त्या लोडरची घडण मोठी विचित्र होती. बादली जमिनीवर टेकलेली असली की दोन्ही बाहू बॉनेटच्या आडवे येत आणि तेलाची काडी, पाण्याचं झाकण सगळं त्यांच्या मागे अडकून पडे. म्हणजे तेल बघायचं तर आधी बाहू वर उचलायला हवेत आणि त्या उचललेल्या लोखंडाखाली हात घालायला हवा. बाहू वर धरून ठेवणारं काय, तर नळीतलं दाबाचं तेल. खवणेकरांनी आल्याबरोबर रेल्वेच्या रुळांखालच्या जुन्या लाकडी स्लीपरचा एक तुकडा मिळवला, तो मोजून कापला, दोन्ही टोकांना लोखंडी पट्टी ठोकली आणि वरच्या टोकाला बाहू बसेल अशी खाच पाडली. हा त्यांचा टेकू. रोज सकाळी यंत्र सपाट जागेवर आणून उभं करायचं, बाहू उचलायचे, टेकू लावायचा, बाहूंचा भार अलगद त्याच्यावर सोडायचा, इंजिन बंद करायचं, किल्ली काढून शर्टाच्या खिशात टाकायची. मग फाटक, विडी, आणि परत आल्यावर बॉनेट.

काडी ते दोनदा काढत. पहिल्यांदा काढून चिंध्यांनी पुसत, परत घालत, परत काढत. त्यांचं म्हणणं, काडी पहिल्या वेळी खोटं बोलते. दुसऱ्या वेळचं तेल दोन बोटांत चोळून, वास घेऊन पाहत. ताकासारखं पांढरं दिसलं तर आत पाणी शिरलं, पातळ होऊन डिझेलचा वास आला तर डिझेल शिरलं. दाबाच्या नळ्यांवरून मात्र ते कधी हात फिरवत नसत. खोक्याचा पुठ्ठा फाडून तो नळीजवळून फिरवत आणि त्याच्यावर ओल उमटते का ते बघत. दाबाखालचं तेल डोळ्यांना दिसत नाही आणि सुईसारखं कातडीत शिरतं, असं त्यांनी बबनला इतक्या वेळा सांगितलं होतं की ते मलाही पाठ झालं. बबन त्यांची नक्कल छान करायचा. पुठ्ठा घेऊन, मान वाकडी करून, डोळे बारीक करून. खवणेकर ती नक्कल शांतपणे पाहत आणि संपली की म्हणत, पुठ्ठा अजून जरा लांब धर.

लोडर आल्यावर पहिल्या दोन महिन्यांतली गोष्ट. पाट्यांचं काम संपणार हे बायकांना कळून चुकलं होतं. एक दिवस खवणेकरांनी काडी काढली, तेल बोटांत चोळलं आणि त्यांचा चेहरा बदलला. तेलात वाळू होती. बबन तोपर्यंत सीटवर चढून बसला होता, त्याला त्यांनी हाताने थांबवलं. कचेरीत येऊन फक्त इतकं सांगितलं, की आज तेल बदलायचं आहे, यंत्र दुपारनंतर निघेल. त्यांनी सगळं तेल उतरवलं, आत दोनदा डिझेल फिरवून धुतलं, नवं तेल भरलं. मी जवळ गेलो तेव्हा भांड्याच्या तळाशी बसलेली वाळू मला दिसली. मी विचारलं, "हे कुणी केलं?"

"लोडरनं केलेलं नाय," ते म्हणाले. "मग लोडरच्या वहीत कशाला लिवायचं."

जेवणाच्या सुट्टीत ते पाटीवाल्या बायकांच्या घोळक्यात जाऊन बसले. तिथली पुढारी गंगूबाई नावाची साताऱ्याकडची बाई होती, हातात चांदीचं कडं, बोलणं फटकळ. तिनेच पुढे मला त्या दुपारचं सगळं सांगितलं. खवणेकरांनी तिला काही विचारलंच नाही. वाळूने इंजिन अचानक अडलं तर बाहू खाली येतील आणि त्यांच्याखाली त्या वेळी कोण असेल ते सांगता येत नाही, एवढंच म्हणाले. लोडर मोडला तर मालक दुसरा आणील, पण बबनला दुसरा बबन मिळणार नाही, असंही म्हणाले. त्यानंतर ते मॅनेजरांकडे गेले आणि लोडरची बादली बारीक कोळसा आणि कोपऱ्यांतला माल उचलत नाही, दगड वेचून काढत नाही, त्याला माणसंच लागतात, हे त्यांनी आठवडाभर रोज जाऊन पटवलं. सहा बायका राहिल्या. गंगूबाई त्यांच्यात होती.

त्यांच्या गळ्यावरच्या डागाबद्दल विचारायचं धैर्य मला झालं नव्हतं. ते उलगडलं एका पाहुण्यामुळे. लोडर विकणाऱ्या कंपनीचा एक तरुण इंजिनिअर यंत्र तपासायला आला. बबनने नुकतंच काम थांबवलं होतं, इंजिन तापून लाल झालेलं. इंजिनिअरने रुमाल काढला आणि पाण्याच्या झाकणावर ठेवला. खवणेकर चार पावलांवर होते. त्यांनी त्या माणसाचा टाय धरून त्याला मागे खेचलं. कोट, टाय, चष्मा, सगळं कोळशात. मॅनेजर धावत आले, इंजिनिअर संतापून कोट झटकत होता. खवणेकरांनी माफी मागितली, त्याचा चष्मा शोधून पुसून दिला आणि अर्ध्या तासाने त्याला परत बोलावलं. गोधडीचा जाड तुकडा झाकणावर ठेवून, तोंड दुसरीकडे वळवून त्यांनी झाकण अर्धाच आटा फिरवलं. इतका वेळ जाऊनही वाफेचा जो फुत्कार निघाला, तो ऐकून तो इंजिनिअर दोन पावलं मागे सरला. फुत्कार थांबेपर्यंत खवणेकर झाकण धरून उभे राहिले, मग पूर्ण उघडलं. निघताना इंजिनिअरने त्यांच्या गळ्याकडे पाहिलं. खवणेकर म्हणाले, "लढाईत. ट्रक होता. कॅप्टन घाई करत होता." आणि जरा थांबून म्हणाले, "कॅप्टनचा दोष नाय. हात माझा होता."

असं ते बोलत. दोष कुठे ठेवायचा याचं त्यांचं एक वेगळंच गणित होतं आणि ते बहुतेक वेळा त्यांच्यापाशीच येऊन थांबे. तेव्हा मला ते थोडं हास्यास्पद वाटलं होतं.

लालबागच्या त्यांच्या चाळीत मी एकदाच गेलो. सत्यनारायण होता. दोन खोल्या, मूलबाळ नाही, भिंतीवर हत्यारं आकाराप्रमाणे टांगलेली. वहिनी चहा करायला उठल्या तर खवणेकर त्यांच्या आधी स्टोजवळ. टाकीत रॉकेल किती, वायसर बरा आहे ना, जवळ कपडा तर नाही. वहिनी पदर तोंडावर धरून हसत मला म्हणाल्या, "ह्येंच्या घरात चाय करूची म्हणजे आधी परवानगी काढूची लागता." ते मात्र गंभीरपणे पंप मारत होते. चहा यायला पाऊण तास लागला. परत निघताना ते मला लालबागच्या नाक्यापर्यंत सोडायला आले आणि वाटेत म्हणाले, की घरात दोनच माणसं, एकाला काही झालं तर दुसऱ्याने करायचं काय, म्हणून भीती वाटते. भीती हा शब्द त्यांच्या तोंडून मी तेवढाच एकदा ऐकला.

दुसऱ्या वर्षीच्या शिमग्यात शेजारच्या वस्तीतल्या पोरांनी होळीसाठी लाकडं गोळा करताना टेकू उचलून नेला. खवणेकर सकाळी राखेतून त्याच्या लोखंडी पट्ट्या शोधून घेऊन आले. नवा टेकू होईपर्यंत दोन दिवस त्यांनी लोडर हलू दिला नाही. मॅनेजर चिडले, पण काही चाललं नाही. नवा टेकू झाल्यावर त्यांनी तो एका लांब लोखंडी पेटीत ठेवायला सुरुवात केली. पेटीला कुलूप लावलं आणि चावी करदोट्याला बांधली.

आता चळवळीबद्दल. त्या दिवसांत परळ-लालबागमध्ये चळवळीबाहेर राहणं अशक्य होतं आणि राहायची कुणाची इच्छाही नव्हती. डेपोत बबन सगळ्यात पुढे. घोषणा देऊन त्याचा घसा कायम बसलेला. खवणेकर सभांना जात, पण गर्दीच्या कडेला, बाहेर पडायच्या वाटेजवळ उभे राहत. अश्रुधूर सोडला तर डोळ्यांवर धरायला ओली फडकी एका डब्यात भरून नेत आणि ती वाटत. मॅनेजरांना यातलं काहीच आवडत नव्हतं. एका हरताळानंतर त्यांनी मला बोलावून सांगितलं, की मोर्च्यापायी जो गैरहजर राहील त्याचं नाव वेगळ्या कागदावर हवं. मी मान डोलावली. तो कागद मी केला नाही, पण करणार नाही असंही म्हणालो नाही.

मग ते दोन दिवस आले. शहर बंद, गोळीबार, रस्त्यांवर विटा आणि काचा. तिसऱ्या दिवशी डेपो उघडला तेव्हा मागे वाघिणींची रांग लागली होती आणि मॅनेजर कधी नव्हे ते माझ्या आधी आले होते. पावणेआठ वाजता गंगूबाई माझ्या खिडकीशी आली. ती लालबागवरूनच चालत आली होती.

"खवणेकरदादांनी सांगून धाडलंय," ती हळू आवाजात म्हणाली. "त्येंच्या चाळीतल्या एका मानसाला गोळी लागली, त्येला घिऊन इस्पितळात हाईत. अकरापतोर येत्यात. तवर मशिनीला कुनी हात लावायचा न्हाई. नळी पाझरती म्हनं, आन पेटीची चावी त्येंच्यापाशी हाय."

नळी पाझरते हे मला ठाऊक होतं. नव्या नळीसाठीचा अर्ज महिन्यापूर्वी खवणेकरांच्या सांगण्यावरून मीच लिहिला होता आणि तो मॅनेजरांच्या टेबलावर पडून होता. मी गंगूबाईला म्हटलं, ठीक आहे, सांगतो.

मी सांगितलं नाही. का नाही, हे मी गेली कित्येक वर्षं स्वतःला वेगवेगळ्या तऱ्हेने सांगत आलो आहे. खवणेकर गोळी लागलेल्या माणसाबरोबर इस्पितळात आहेत असं म्हटलं असतं, तर त्यांचं नाव त्या कागदावर पहिलं गेलं असतं. मी त्यांना वाचवत होतो, असं मला तेव्हा वाटलं. पण नळीचं तरी सांगता आलं असतं. तेवढं सांगायला त्यांचं नावही घ्यावं लागलं नसतं. खरं एवढंच आहे की मॅनेजर सकाळपासून ओरडत होते आणि त्यांच्यासमोर उभं राहून लोडर आज निघणार नाही असं म्हणणारा माणूस मला व्हायचं नव्हतं. अकरा काय, आत्ता वाजतील, असं मी मनाशी म्हटलं.

साडेआठला पहिली लॉरी आली. मॅनेजर माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले आणि त्यांनी बबनला हाक मारली. बबन खिडकीशी आला.

"खवणेकर आले नाहीत," तो म्हणाला. "काही निरोप आहे का त्यांचा?"

त्याने मॅनेजरांना विचारलं नव्हतं. मला विचारलं होतं.

"नाही," मी म्हटलं. "तेलपाणी बघून सुरू कर."

बबन पेटीपर्यंत गेला, कुलूप हलवून पाहिलं, मागे वळून कचेरीकडे पाहिलं. मग त्याने लोडर सुरू केला, बाहू उचलले, इंजिन बंद केलं. तो फाटकापर्यंतसुद्धा आला, तिथे थोडा वेळ उभा राहिला आणि परत गेला. जे जे शिकवलं होतं, ते टेकू सोडून सगळं त्याने केलं. काडी पुसून दुसऱ्यांदा आत घालत असताना नळी फुटली. आवाज मोठा झाला नाही. मी हजेरीपत्रकावर वाकलो होतो, मला आधी बायकांचं ओरडणं ऐकू आलं.

आठ-दहा जणांनी पहारी लावून बाहू वर केला. उजव्या हाताची चार बोटं गेली होती. बबन शुद्धीवर होता आणि किल्ली त्याने खिशात टाकली होती हे परत परत सांगत होता.

खवणेकर अकराला आले. शर्टावर रक्त होतं, त्या दुसऱ्या माणसाचं. तो सकाळीच गेला होता. फाटकाशी गंगूबाईने त्यांना गाठलं आणि काय झालं ते सांगितलं. ते लोडरपाशी गेले, तेलाने भिजलेल्या जमिनीकडे पाहत उभे राहिले. मग करदोट्याची चावी काढून त्यांनी पेटी उघडली, टेकू बाहेर काढून यंत्राला लावून ठेवला आणि कुलूप हातात घेऊन कचेरीत आले. माझ्या टेबलावर ते कुलूप ठेवून ते आल्या पावली परत परळच्या त्याच इस्पितळात गेले, बबनलाही तिथेच नेलं होतं. 

आठ दिवसांनी चौकशी झाली. मॅनेजर, मालकांचे वकील, समोर खवणेकर, आणि जबाब लिहून घ्यायला मी. बबन इस्पितळात होता. खवणेकर रोज त्याच्याकडे जात होते, म्हणजे खिडकीशी काय बोलणं झालं हे त्यांना ठाऊक होतंच. वकिलांनी गैरहजेरीबद्दल विचारलं, पेटीबद्दल विचारलं आणि मग विचारलं, "तुम्ही येणार नाही, यंत्र लावू नका, असा काही निरोप तुम्ही पाठवला होता का?"

माझा टाक थांबला. खवणेकरांनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. ते थांबले होते, इतकंच.  मला एक वाक्य बोलायचं होतं आणि त्यासाठी त्यांनी मला पुरेसा वेळ दिला. मी कागदावरून नजर काढली नाही.

"नाय," ते म्हणाले. "टेकूला कुलूप मी लावलं होतं. ज्या वस्तूवर दुसऱ्याचा हात अवलंबून, तिला कुलूप लावायचं नसतं. तेवढं लिवा."

मी लिहिलं. माझं अक्षर त्या काळी सुरेख होतं.

ते खोटं का बोलले, ते मला आजही नक्की सांगता येत नाही. निरोप पाठवला म्हणाले असते तर गंगूबाईला बोलावलं असतं आणि मॅनेजरांनी तिला ठेवलं नसतं. कदाचित ते तिच्यासाठी असेल. माझ्यासाठी असेल तर मी त्या लायकीचा नव्हतो. पण कुलपाबद्दल ते जे बोलले ते कुणाला वाचवायला बोलले नाहीत, याची मला खात्री आहे. ते त्यांना खरोखरच तसं वाटत होतं, आणि म्हणूनच ते सहन करणं मला जास्त जड गेलं. त्यांना कामावरून काढलं. गंगूबाई त्यानंतर रोज माझ्या टेबलावर पाण्याचा तांब्या ठेवून जाई, पूर्वीसारखीच. फक्त भाऊसाहेब म्हणायची ती थांबली.

पुढे महाराष्ट्र झाला. मला सरकारी कचेरीत नोकरी लागली, डेपो सुटला. बबन गावी गेल्याचं कळलं होतं. खवणेकरांच्या चाळीवरून मी दोन-तीनदा गेलो, पण जिना चढलो नाही.

एका दुपारी बहिणीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला हिंदमाताला गेलो होतो. एका दुकानाच्या मागच्या बाजूला शिंप्यांची रांग बसलेली, आणि त्यांच्यात जमिनीवर उकिडवे बसलेले खवणेकर, हातात लांब नळीची तेलाची कुपी. केस पूर्ण पांढरे झाले होते. शिंप्यांची यंत्रं सांभाळायचं काम ते करत होते. मला पाहून ते उठले, बहिणीची चौकशी केली, आईची चौकशी केली. वहिनी आदल्या वर्षी वारल्याचं सांगितलं. तापाने.  मग इतकी वर्षं घोळवलेलं वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडलं.

"खवणेकर, त्या दिवशी निरोप मला मिळाला होता."

त्यांनी कुपी खाली ठेवली.

"माका म्हायत आसा," ते म्हणाले. डेपोत ते माझ्याशी मालवणीत कधी बोलले नव्हते. "माका कित्याक सांगतास? बबनाक सांगा."

 त्यांनी सांगितलं, की बबनने गावी छोटं दुकान घातलं आहे, लग्न झालं आहे, डाव्या हाताने लिहायला शिकला आहे. पण आपण विचारलं तेव्हा वैद्य नाही म्हणाले, ते निरोप नव्हता म्हणून की दुसऱ्या कशामुळे, हे तो दर पत्रात विचारतो. खवणेकरांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. ते माझ्याकडून जायला हवं, असं त्यांचं मत होतं. येत्या रविवारी ते बोटीने गावी निघाले होते, बहुधा कायमचे. इथे आता कोण आहे, म्हणाले.

"तुमी येवा माझ्यावांगडा," ते म्हणाले. "चार दिवसांचा काम. बोलान झाला की परत येवा. मी आसंय ना."

मी येतो म्हटलं. त्या क्षणी मला खरंच जायचं होतं. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला, आणि मग हाताला लागलेलं तेल पुसायला स्वतःचं फडकं दिलं.

रविवारी सकाळी मी पिशवी भरून भाऊच्या धक्क्यावर गेलो. आईला ऑफिसच्या कामाचं सांगितलं होतं. धक्क्यावर ही गर्दी, ट्रंका, वळकट्या, आंब्याच्या रिकाम्या करंड्या, निरोप द्यायला आलेली माणसं. तिकिटाच्या खिडकीशी माझ्यापुढे तीन जण होते. मग दोन. बबनचा चेहरा मी डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न करत होतो आणि मला त्या खिडकीतून विचारणारा त्याचा चेहराच तेवढा दिसत होता. एक जण राहिला तेव्हा मी रांगेतून बाजूला झालो. जरा श्वास घेऊन परत रांगेत लागू, असं मी स्वतःला सांगितलं आणि एका गुदामाच्या खांबाआड जाऊन उभा राहिलो.

तिथून मला बोटीचा डेक दिसत होता. कठड्याला लागून, सावलीची जागा बघून खवणेकरांनी सतरंजी अंथरली होती. एका माणसाला लागेल त्याच्या दुप्पट. अर्ध्या भागावर ते बसले होते आणि उरलेल्या अर्ध्यावर त्यांनी आपली ट्रंक ठेवली होती. लोक येऊन ती जागा मागत होते. ते हात जोडून काहीतरी सांगत, लोक पुढे जात. एक लेकुरवाळी बाई आली, तेव्हा ते स्वतः आक्रसून बसले आणि आपल्या भागातली जागा त्यांनी तिला दिली. ट्रंक हलवली नाही.

शिडी काढली. भोंगा झाला. ते उठून कठड्याशी आले आणि धक्क्यावरच्या गर्दीत एकेक चेहरा बघू लागले, सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि परत पहिल्यापासून. बोट हलली, मधे पाणी दिसू लागलं, तरी ते बघतच होते. मग ते मागे वळले, वाकले, आणि त्यांनी ट्रंक सतरंजीवरून उचलून स्वतःच्या पायांशी घेतली.